गिरधरच्या हातातला दोर

तापीकाठच्या केळीवाल्याला वाऱ्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक असते. वारा आला की बांधायचं. झाडाला बांबू, बांबूला दोरी, दोरीला गाठ आणि गाठीवर पुन्हा गाठ. गिरधर महाजन ही गाठ नवव्या वर्षी शिकला. शिकवली मोठ्या भावाने, मोतीलालने. वडील गेले तेव्हा मोतीलाल सतरा वर्षांचा होता. त्या दिवसापासून गिरधरचा बाप तोच.

सहा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, अकरा मिनिटं वारा सुटला. चार हजार झाडं घडांसकट कमरेत मोडली. बांबूही मोडले. एक बांबू उडाला आणि गोठ्यातल्या बैलाच्या पोटात घुसला. बैल लवकर मेला नाही. गिरधर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. उठला तेव्हा त्याच्या धोतराचा रंग ओळखू येत नव्हता.

"दादा," तो म्हणाला, "वाऱ्याने आपलं लई खाल्लं. आता त्याच्याकडून काम करून घ्यायचं."

मोतीलालला वाटलं, हा पवनचक्की लावणार.

गिरधरने शिडाची नाव आणली. भोपाळकडच्या एका म्हाताऱ्या हौशी माणसाने ती विकायला काढली होती. चोवीस फुटी, हलकी, पळायला चपळ. आत दोन माणसं पाय पसरून झोपतील एवढी खोली, एक बारका स्टोव्ह. उलटू नये म्हणून पोटाखाली माशाच्या परासारखं शिशाचं जड पातं, ते वर ओढून घेता येई. केळीच्या ट्रकवर आडवी घालून ती बऱ्हाणपुरात आली, तेव्हा राजघाटावरच्या लोकांनी कपडे धुणं थांबवलं. "गिरधरशेठ, विमानाचे पंख कुठं पडले?" फाटलेलं शीड लालबागेतल्या ताडपत्रीवाल्याने शिवून दिलं. गावापाशी तापीत तेवढं पाणी नव्हतं. म्हणून नाव खाली, इच्छापुरच्या पलीकडे, धरणाच्या फुगवट्यावर ठेवली.

विकणाऱ्या म्हाताऱ्याने तीन दिवस शिकवलं. जाताना एकच गोष्ट पुन्हा सांगितली. मोठं शीड ज्या दोराने आवळतात तो दोर कधी बांधायचा नाही, हातात ठेवायचा. वाऱ्याचा झोत आला की सोडायचा. विचार करायचा नाही.

गिरधरचे हात ऐकेनात. झोत आला की मूठ आपोआप आवळली जाई. दोनदा नाव आडवी झाली. मग त्याने घरी खाटेच्या पायाला दोर बांधला. रोज जेवणाआधी दोर ओढून बसायचा. बायको चारुलता चुलीपाशी भाकरी थापता थापता एकदम ओरडायची, "आला!" त्याने दोर सोडायचा. उशीर झाला तर ती म्हणायची, "बुडाले. आता भाकरी कोणाला वाढू?"

दोन वर्षांनी हात शिकले.

मोतीलाल मात्र नावेत पाय ठेवीना. "ज्याने माझी झाडं मोडली त्याच्या खांद्यावर मी बसू?" गिरधर दर महिन्याला विचारायचा. ज्याने वाढवलं त्याने एकदा बसून पाहावं, एवढंच त्याला हवं होतं. मार्चच्या शेवटी मोतीलाल हो म्हणाला. पानं काढायचा विळा कमरेला तसाच होता. तो काढायचं त्याला सुचलं नाही.

पहिला तासभर नाव सुरेख पळाली. मोतीलाल काठ घट्ट धरून बसला होता. मग त्याचा एक हात सुटला. मग तो हसला.

"काय करून राहिला रे तू इतके दिवस? हे आधी नाही सांगायचं?"

"सांगत होतो ना दादा. तू ऐकत होता का?"

तेवढ्यात इच्छादेवीच्या टेकडीमागचं आभाळ जांभळं झालं. पाण्यावर एक काळा पट्टा धावत येताना दिसला. पुढचं शीड उतरवायला हवं होतं. त्यासाठी गिरधरला पुढे जावं लागणार होतं. मोठ्या शिडाचा दोर त्याने भावाच्या हातात दिला.

"धर. बांधू नको. मी ओरडलो की सोडून दे."

"हो रे, जा."

गिरधर डोलकाठीपाशी पोचला आणि गारा आल्या. लिंबाएवढ्या. एक कानावर बसली, कान फाटला. वाऱ्याने थप्पड मारावी तसं नावेला तिरपं केलं.

"सोड! दादा, सोड!"

मोतीलालने वारा पाहिला. त्याने पन्नास वर्षं जे केलं तेच केलं. दोर खुंटीला गुंडाळला, गाठ मारली, गाठीवर गाठ मारली.

नाव कुशीवर पडली. गिरधर पाण्यात गेला आणि शीड त्याच्यावर पसरलं. अंगातल्या तरंगत्या जाकिटाने त्याला वर ढकललं, थेट शिडाच्या खाली. वर हवा नव्हती, ओलं कापड होतं. त्याने तोंड उघडलं, कापड आत आलं. पुढच्या शिडाचा दोर घोट्याला बसला होता. पाय ओढला, तर हाडातून आवाज आला. वर गारा ताडपत्रीवर दगड पडावेत तशा पडत होत्या. त्याला बैल आठवला.

वर मोतीलाल गाठ सोडवत होता. त्याची गाठ ताणाखाली सुटत नाही, म्हणून तर ती मारतात. दोन नखं मुळासकट निघाली. मग त्याला कमरेचा विळा आठवला.

दोर तुटला. शिशाच्या वजनाने नाव झटक्यात उभी राहिली. शीड गिरधरवरून उचललं गेलं. त्याने एक श्वास घेतला, काठ पकडला, डोकं वर काढलं. सुटलेल्या शिडाखालचा आडवा दांडा वाऱ्याने फिरून आला आणि त्याच्या जबड्यावर बसला.

तीन दात गेले. जबडा दोन ठिकाणी तुटला. घोटा तुटला. मोतीलालने त्याला केस धरून आत ओढलं आणि काठाला लागेपर्यंत त्याच्या छातीवर आडवा पडून राहिला. गारा स्वतःच्या पाठीवर घेतल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी जबडा तारेने बांधला. सहा आठवडे बोलणं बंद. मोतीलाल खाटेजवळ बसायचा आणि एकच म्हणायचा, "मी बांधलं. तू सोड म्हणाला आणि मी बांधलं." घरी आल्यावर एका सकाळी तो कुऱ्हाड घेऊन निघाला. नाव फोडायला.

चारुलता दारात उभी राहिली. "दादा, आधी आत या. हे बोलावतात."

गिरधरने खाटेच्या पायाचा दोर भावाच्या हातात दिला. ओढून धर, अशी खूण केली. मोतीलालने कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि दोर ओढला. गिरधरने डाव्या हाताने चमचा उचलला आणि ताटावर आपटला.

मोतीलालची मूठ आवळली. खाट हातभर सरकली.

"बुडाले," चारुलता म्हणाली.

मोतीलाल रडायला लागला. गिरधर थांबला नाही. पुन्हा ताट वाजलं. पुन्हा मूठ आवळली. नखं नसलेल्या बोटांतून रक्त दोरावर उतरलं. दुपार झाली. चारुलताने भाकऱ्या केल्या, झाकून ठेवल्या.

चमचा आपटला.

दोर जमिनीवर पडला होता. मोतीलाल आपल्या उघड्या हाताकडे बघत होता.

गिरधरने खूण केली. पुन्हा.