चाळीस सेकंदांचा फोन

“ती जिवंत आहे, काकू, आणि तुम्हीच तिला लपवून ठेवलीय. हा घ्या पुरावा.”

समोरच्या वहिनींच्या जावयाचा थोरला भाऊ सकाळी साडेसातला त्यांच्या दारात उभा राहून ओरडत होता. बोरिवलीहून उठून आला होता आणि आवाज असा, की चेकनाक्यावरचे ट्रक जागच्या जागी थांबले असतील. मुलुंड पूर्वेची आमची सोसायटी चार मजल्यांची, चोवीस दारांची. त्यातली बावीस दारं एकदम उघडली. एक वहिनींचं होतं, ते त्याने आधीच उघडायला लावलं होतं. उरलेलं माझं. मी दुधाची पिशवी उचलायला वाकलो होतो आणि वाकलेलाच राहिलो.

त्याच्या हातात मोबाईल होता. त्यावर दुसऱ्याच एका मोबाईलचा फोटो. त्या दुसऱ्या मोबाईलच्या पडद्यावर वहिनींच्या मुलीचा भारतातला नंबर, मंगळवार, सकाळचे अकरा, आलेला फोन, चाळीस सेकंद. मुलगी कॅनडातल्या तिच्या घरातून नाहीशी झाली त्याला त्या सकाळी सतरा दिवस झाले होते. फोन होता बाराव्या दिवशीचा.

“यांना विचारा ना,” तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. “यांच्याच मोबाईलचा फोटो आहे. पार्कात बसून सांगत होते, अर्धा तास बोलली म्हणून.”

वहिनींनी फोटो पाहिला. ओठ हलवत नंबर वाचला. मग त्यांची नजर आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटाकडे गेली आणि परत आली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी पिशवी उचलली, पाठ सरळ केली आणि म्हणालो, “हो. बोलली.”

माणसाने किती खोटं बोलावं याला काही मर्यादा असते, असं आमची ही म्हणते. मला ती मर्यादा तोवर कुठे भेटली नव्हती. मोठ्या पुरात मी कुर्ल्याहून मुलुंडपर्यंत पोहत आलो आणि वाटेत विक्रोळीला बुडणारी म्हैस पाठीवर घेतली, हे पार्कातल्या आमच्या बाकावर कुणालाही विचारा. प्रत्यक्षात त्या दिवशी मी ऑफिसातल्या टेबलावर फायली उशाला घेऊन झोपलो होतो. बाकावरच्यांनाही हे ठाऊक आहे. तरी दर पावसाळ्यात ते म्हैस मागतात आणि दर पावसाळ्यात ती वजनाने थोडी वाढते. गेल्या पावसाळ्यात ती गाभण होती. माझ्या थापांनी कुणाचं काही बिघडत नाही, असं मी धरून चाललो होतो.

वहिनी आमच्या समोरच्या. एकतीस वर्षांचा शेजार. एकुलती एक मुलगी, ती निम्मी आमच्या घरात वाढली. चष्मा इतक्या जाड भिंगांचा, की काढला तर आमच्याऐवजी वरच्या मजल्यावर जाऊन जेवली असती. लग्न करून कॅनडाला गेली, तिथे दातांच्या दवाखान्यात नोकरीला लागली. नवऱ्याशी पटेना. दीड वर्षापूर्वी तिने वेगळी जागा भाड्याने घेतली आणि घटस्फोटाचे कागद पाठवले. ते त्याने सही न करता ठेवून दिले होते. मग ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी ती कामावर गेली नाही. गाडी खाली उभी, पासपोर्ट गायब, चष्मा स्वयंपाकाच्या ओट्यावर. दवाखान्यातल्या बाईने तिकडच्या पोलिसांना कळवलं. नवरा म्हणाला, इंडियात गेली असेल, कधीपासून म्हणतच होती.

चष्म्याचं ऐकलं तेव्हाच मला कळायचं ते कळलं होतं. वहिनींना कळलं होतं की नाही, हे मी विचारलं नाही.

आता नंबराचं सांगतो. परदेशी गेलेल्या पोरांचा इथला नंबर इथेच आईबापांपाशी राहतो. आमच्या सोसायटीत असे सात फोन आहेत. बँकेचं सगळं त्या नंबराला जोडलेलं असतं. तिकडे पोरगी काहीतरी दाबते, इकडे तिची आई चष्मा शोधून सहा आकडे वाचून दाखवते. वहिनींकडचा फोन बटणांचा, जुना. कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलेला. तो बंद पडू नये म्हणून रिचार्ज मारायचं काम माझ्याकडे. आणि रिचार्ज झालं की नंबर खरंच चालतोय का हे बघायला त्यावरून स्वतःलाच फोन लावायचा, ही माझी पद्धत. मिस्ड कॉलने माझं समाधान होत नाही. मी उचलतो. एक फोन या कानाला, एक त्या कानाला, आणि ‘हॅलो कॅनडा, मुलुंड बोलतंय, सुरमई पाठवू का’ असा मीच माझ्याशी बोलतो. पोरगी सुट्टीत आली की मला तेवढं करून दाखवायला लावायची आणि जमिनीवर लोळून हसायची.

त्या मंगळवारी रिचार्ज संपत होतं. वहिनींनी फोन काढून दिला आणि चहा टाकायला आत गेल्या. मी लावला. माझ्या मोबाईलवर तिचं नाव उजळलं. मी उचलला. सुरमईचं काही तोंडातून निघेना. दोन्ही कानांना फोन लावून मी नुसता बसून राहिलो. मग वहिनींच्या कपबश्यांचा आवाज आला आणि मी तो बंद केला. ते हे चाळीस सेकंद.

संध्याकाळी बाकावर तिचाच विषय. पोस्टातून रिटायर झालेले एकजण सहज म्हणाले, नवऱ्याला सोडणाऱ्या बायका अशाच जातात, कुणीतरी असणारच तिथे. बाकीचे हसले. मी खिशातून मोबाईल काढला. म्हटलं, गेली बिली काही नाही, आज सकाळीच माझ्याशी बोललीय, हे बघ नाव, हा बघ टाइम. चाळीस सेकंद कुणी वाचले नाहीत, कारण मी अर्धा तास सांगायला सुरुवात केली होती. तिने आईचे गुडघे विचारले, सोसायटीच्या लिफ्टचं विचारलं, जरा कंटाळलेय काका म्हणाली, चार दिवस एकटीला राहू द्या म्हणाली. पोस्टवाल्यांचं तोंड बंद झालं. मला इतकं बरं वाटलं, की पडद्याचा फोटो कुणी काढला ते मी बघितलंही नाही.

मी घरी पोचायच्या आत गोष्ट जिना चढून वर गेली होती. वहिनी माझ्या दारात उभ्या होत्या. “काय म्हणाली?” त्यांनी विचारलं.

तिथे मला थांबता आलं असतं. मी म्हैस पाठीवर घेतली आणि निघालो. गुडघे, लिफ्ट, चार दिवस. कुठल्या नंबरावरून ते मी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. उभ्यानेच सगळं ऐकून घेतलं आणि संपल्यावर, अजून काही म्हणाली का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, तुमच्या हातची आंबोळी-चटणी आठवते म्हणाली.

तर तो फोटो बाकावरून कुणाच्या तरी साडूकडे, साडूकडून बोरिवलीला गेला आणि बोरिवलीहून थेट कॅनडातल्या वकिलाच्या टेबलावर पडला.

बोरिवलीवाला ओरडून गेला, त्यानंतर आठ दिवस वहिनींचं दार आणि माझं दार समोरासमोर बंद राहिलं. त्यांनी नंबर वाचला होता. तो फोन त्यांच्याच कपाटात होता. म्हणजे त्यांना कळलेलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलेलं होतं. दोघांपैकी एकाने तोंड उघडलं असतं तरी पुरे होतं. आमची ही मला जेवताना दोनदा म्हणाली, जा आणि सांगून ये. मी तिला ब्लडप्रेशरचं सांगितलं. एकशे नव्वद आहे म्हटलं. एकशे तीस होतं.

नवव्या दिवशी पोलीस ठाण्यातून आम्हा दोघांना बोलावणं आलं. संध्याकाळचे सहा, तिकडची सकाळ. तिथल्या इन्स्पेक्टर मॅडमनी टेबलावर लॅपटॉप उघडून ठेवला होता. त्यात पिकल्या केसांची एक अधिकारी बाई, आणि शेजारी मराठी दुभाषा. तो इथून जाऊन चाळीस वर्षं झाली असावीत. आपल्याकडे आता लग्नपत्रिकेतही उरलं नाही असं मराठी बोलत होता.

बाईंचं म्हणणं त्याने सांगितलं ते असं. नवऱ्याने गावाबाहेर एक गोदाम भाड्याने घेतलं आहे, त्याची झडती घ्यायची आहे. पण ती जिवंत असल्याचा साक्षीदार मुंबईत आहे, असं त्याच्या वकिलाने कोर्टाला दाखवलं, आणि परवानगी अडली. भारतात तिच्या येण्याची नोंद सापडत नाही, पण तिच्या नंबरावरून मुंबईतूनच फोन लागला आहे.

“विमानतळाची नोंद चुकू शकते, काका,” इथल्या मॅडम म्हणाल्या. “टॉवर चुकत नाही. मुलुंडच आहे.”

“सदर साक्षीदार आपणच काय?” दुभाष्याने विचारलं.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होत्या. मी हो म्हटलं असतं तर त्यांची मुलगी कुठेतरी कंटाळून एकटी राहत होती, आंबोळी आठवत होती, आणि जावई आपल्या घरी मजेत होता. नाही म्हटलं असतं तर गोदाम उघडणार होतं.

“तो फोन मीच केला,” मी म्हणालो. “माझा मलाच. ती बोलली नाही. तिचा फोन यांच्या कपाटात असतो.”

दुभाष्याला नीट ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा सांगायला लावलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी एक गोष्ट दोनदा एकसारखी सांगितली.

लॅपटॉपमधली बाई लिहायला लागली. मॅडमनी वय विचारलं, एकाहत्तर सांगितलं, ते खरं होतं. मग त्या मला जे बोलल्या ते मी ऐकून घेतलं. हवालदार आमच्याबरोबर घरी आला, पंचनामा करून साड्यांतून तो फोन काढून घेऊन गेला. पंच म्हणून खालच्या मजल्यावरच्या दोघांनी सह्या केल्या. त्यातले एक पोस्टवाले होते.

त्याआधी रिक्षात, पोलीस ठाण्यातून परत येताना, वहिनी एकदाच बोलल्या. “अर्धा तास म्हणालात, भाऊजी. माझ्याशी ती कधी दहा मिनिटांच्या वर बोलली नाही.”

मी माफी मागितली. त्यांनी रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं.

पाचव्या दिवशी गोदाम उघडलं. ती तिथे होती. कशी होती, किती दिवसांची होती, हे मॅडमनी मला सांगितलंय. ते मी बाकावर सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही. जावयाला अटक झाली. बोरिवलीवाला पुन्हा आला नाही. श्राद्धाची तिथी कुठली धरायची हे गुरुजींनाही सांगता येईना. शेवटी वहिनी म्हणाल्या, तो मंगळवार धरा. गुरुजींनी कारण विचारलं नाही. मलाही विचारायची छाती झाली नाही.

बाकावर मी अजून जातो. यंदाच्या पावसात कुणी म्हैस मागितली नाही.

फोन परत मिळायला तीन महिने लागले. पोलीस ठाण्यात सही करून मीच तो प्लास्टिकच्या पिशवीतून आणला. मधल्या काळातही नंबर बंद पडू दिला नव्हता, रिचार्ज मारत राहिलो होतो, का ते मला सांगता येणार नाही. वहिनी जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. मी फोन चार्जिंगला लावला. तो चालू झाला आणि बँकेचे साठलेले मेसेज एकामागून एक वाजायला लागले. ते थांबेपर्यंत वहिनी मेथी निवडत राहिल्या.

“वहिनी,” मी विचारलं, “हा नंबर आता बंद करून टाकू का?”

त्यांनी मेथीची जुडी उलटी केली.

“असू द्या,” त्या म्हणाल्या. “त्यावर ओटीपी येतात.”