गालिच्याची खोली

बहात्तरच्या दुष्काळात पाहुणे फार. रोज कुणीतरी मोठा माणूस खडी फोडणारी माणसं बघायला यायचा आणि राहात्याच्या अलीकडच्या आमच्या सरकारी बंगल्यावर उतरायचा. त्यांच्यासाठी मोठ्या खोलीत मुंबईहून नायलॉनचा गालिचा आणला आणि पंक्चर काढतात तसल्या सोल्युशनने फरशीला चिकटवला. बाहेर धुळीचे लोट, म्हणून साहेबांचा हुकूम सुटला, खिडकी उघडायची नाही.

मी तिथला कारकून. खोली झाडायचं काम सहादेवकडे. गळ्यात माळ, सुपारीचंही व्यसन नाही. पण गालिचा आला आणि हा माणूस बिघडला. दोन-दोन तास ब्रश घेऊन आत असायचा, बाहेर यायचा तेव्हा डोळे लाल, पाय भलतीकडे. दुपारभर नुसत्या येरझारा. विचारलं तर म्हणे, "डोकं गरगरतंय. जीव थाऱ्यावर न्हाई."

कुणीतरी कंडी पिकवली, सहादेव स्पिरिट पितो. मीही मान डोलावली. आज लाज वाटते, पण डोलावली. घरी त्याच्या बायकोने, मनकर्णाने, सदरा हुंगला आणि त्याचं ताट ओसरीवर ठेवलं, वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. नोकरी जाईल यापेक्षा त्याला हे जास्त लागलं. "माळंवर हात ठिवून सांगितलं, तरी तिला इस्वास न्हाई," म्हणाला.

शेवटी साहेब चौकशीला आले. बसले कुठे, तर त्याच खोलीत, रुबाबात, धूळ नको म्हणून दार लावून. सहादेवला काढून टाकायचा अहवाल स्वतःच्या हाताने लिहायला घेतला. सहादेव व्हरांड्यात, क्षणभर बूड टेकेना.

दीड तासाने दार उघडलं. साहेबांनी चौकट धरली. डोळे लालबुंद, पाणी वाहतंय. पायरी चुकली आणि ते माझ्या अंगावर आले. मी त्यांचं तोंड हुंगलं, तेवढा आगाऊपणा माझ्यात होता. दारूचा वास नव्हता. कपड्यांना मात्र सोल्युशनचा येत होता.

साहेब हुशार माणूस. मागे वळून खोलीकडे बघितलं, मग सहादेवकडे, आणि हातातला कागद फाडला. "खिडक्या उघड," एवढंच म्हणाले आणि तोंड धुवायला पाणी मागितलं.

सहादेवने तांब्या भरून आणला, पण दिला नाही.

"पानी देतो, साहेब. पन डोळं आत्ता धू नका. आदी माज्या घरी चला. मनकर्णाला असंच दिसू द्या."