चौदा नंबर

फलाटाशिवाय उभी राहिलेली गाडी कंट्रोलरमामांना सोसत नसे. हयात धाराशिवच्या एसटी स्टँडवर गाड्या लावण्यात गेली आणि निवृत्तीनंतर तो हट्ट घरच्या वायफायवर आला. मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहायचो, वायफाय दोघांत एकच. राऊटर टीव्हीला, मोबाइलला, कॅमेऱ्याला आपल्या मर्जीने आतले पत्ते वाटतो आणि लाईट जाऊन आली की ते बदलू शकतात, हे कळल्यावर मामा खवळलेच. “येडशीची गाडी आज हितं, उद्या तिथं! पाशिंजरनं हुडकायची कुठं?”

मग त्यांनी बसून एकेका वस्तूला कायमचा पत्ता नेमून दिला. पत्त्याच्या शेवटच्या आकड्याला ते फलाट म्हणत. सगळी यादी सुवाच्य अक्षरात लिहून राऊटरशेजारी चिकटवली. मी त्यांची टिंगल करायचो, पण तो कागद कधी धड वाचला नाही.

हा खटाटोप खरा मामींसाठी होता. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती. मामा बाजारात गेले तरी मोबाइलवरून मामींच्या खोलीतला कॅमेरा उघडून बघत, आणि बाहेरून तो सापडायचा तर त्याचा आतला पत्ता पक्का हवा. मामी उठायला धडपडल्या की कॅमेऱ्यातून आवाज यायचा, “उठू नगं गं, आलोच म्या.” तो ऐकला की मामी निवांत पडून राहत. इतकी माया मी दुसऱ्या कुणाच्या आवाजात ऐकली नाही.

एकदा माझ्या लॅपटॉपचं नेट सारखं तुटायला लागलं. मी अतिशहाणा. मामांना न विचारता लॅपटॉपला हाताने कायमचा पत्ता देऊन टाकला. शेवटी आकडा घातला चौदा. विचार करावाच लागला नाही. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत वाढलेल्या आमच्या माणसांची मोटरसायकल चौदा, मोबाइलच्या शेवटी चौदा. मामाही त्याच मिरवणुकीतले आहेत, हे काही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा वारलेल्या भावाच्या पुण्यानुमोदनाला अणदूरला गेले. दुपारी लाईट जाऊन आली आणि त्यांचा फोन आला. “मामी दिसंना रे. जरा खाली जाऊन बघ की.” माझी ऑफिसची मीटिंग चालू होती. म्हणालो, “मामा, लाईट आत्ताच आलीय. पाच मिनिटांत कॅमेरा चालू होईल.” त्या पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. खाली गेलो तेव्हा मामी पलंगावरून खाली पडल्या होत्या, डोकं फरशीवर आपटलेलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्या गेल्या.

मातीला जाऊन आल्यावर मामांनी राऊटर तपासला. कॅमेऱ्याच्या चौदा नंबरावर माझा लॅपटॉप बसला होता; लाईट आल्यावर कॅमेऱ्याला फलाटच उरला नव्हता. “तुला बी चौदाच पायजे व्हता व्हय,” एवढंच म्हणाले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मामींच्या पुण्यानुमोदनाला त्यांच्या बहिणीने चारचौघांत विचारलं, “दाजी, क्यामेरा व्हता न्हवं? मग तुमी बोलला का न्हाय तिच्याशी?” मी दारातच उभा होतो. मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, “माझंच चुकलं. तिला एकटीला टाकून जायला नगं व्हतं.”

मी तोंड उघडलं नाही. महिनाभरात खोली सोडली. गेल्या साली मामाही गेले. मामींची बहीण अजून सांगते, माझ्या बहिणीला दाजींनी एकटं मरू दिलं.