म्हातारीची सही

माझी शाळा चौथीपर्यंत. माझ्या म्हातारीची तेवढीही नाही. तिला सही शिकवली आमच्या नातीनं. नातीचे मायबाप पुण्याकडे कंपनीत कामाला, पोरगी आमच्याजवळ. दुसरीत होती तेव्हा तिनं चुलीपुढंच आजीच्या हातात पेन्सिल दिली. पंधरा दिवसांत म्हातारी स्वतःचं नाव काढायला लागली. वाचता काहीच येत नव्हतं, पण सही करायची. बायकांचा बचत गट आमच्याच ओसरीत भरायचा. तिथं रजिस्टर आलं की ती आधी पदरानं हात पुसायची. बायका म्हणायच्या, "बुढी तं तहसीलदारीन झाली वं माय!"

पोरगी पाचवीत असताना धरणावर सहल निघाली. शाळेनं एक कागद घरी पाठवला. मी उंद्रीच्या बाजाराला गेलो होतो. पोरगी म्हणाली, "आजी, कर सही, नाहीतं मले नेत नाहीत." म्हातारीनं केली, हौसेनं.

धरणाच्या पायऱ्यांवर शेवाळ. साठ लेकरं अन् दोन गुरुजी, त्यातले एक स्वयंपाकाच्या मागे. पोरगी घसरली, कोपरावर आदळली. भर दुपारची गोष्ट. दवाखान्यात कोणी नेलं नाही. बाम चोळला, रुमाल बांधला अन् दिवेलागणीला आमच्या दारात आणून सोडली. हात टरारून सुजलेला. दुसऱ्या दिवशी बुलढाण्याचे डॉक्टर म्हणाले, उशीर केला. हाड जुळलं, पण वाकडं. कोपर सरळ होत नाही. वेणी घालायला हात मागं जात नाही. आता वेणी मीच घालतो. वाईट घालतो.

तेव्हा मी शाळेत भांडायला गेलो. हेडमास्तरांनी तोच कागद पुढं सरकवला. "बाबा, वाचता येतं ना? वाचा." वाचलं. सहलीत काही इजा झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. खाली म्हातारीची सही, गोल गोल, शेवटचं अक्षर जरा वर चढलेलं.

कागद परत ठेवला अन् निघालो. घरी येऊन सगळा राग तिच्यावर काढला. "तुले कोनं सांगतलं होतं सही कराले? अंगठेबहाद्दर होती तेच बरं होतं!"

एरवी एकाला दोन ऐकवणारी बाई. त्या दिवशी नुसती भाकर थापत राहिली.

पुढच्या बैठकीला तिनं रजिस्टरवर अंगठा लावला. एकीनं विचारलं, "काऊन वं तहसीलदारीन, आज अंगठा?"

"हात कापते माय."

हात कापत नव्हता. मी बाजेवरून पाहत होतो.

त्यानंतर तिनं सही केलीच नाही. यंदा उन्हाळ्यात ताप आला अन् चार दिवसांत गेली.

तेरवी होऊन महिना झाला असेल. ग्रामपंचायतीत कायद्याचं शिबिर लागलं. मी आपला पंख्याखाली जागा म्हणून जाऊन बसलो. एक वकीलबाई बोलत होत्या. शेवटी कुणाला काही विचारायचं का म्हणाल्या, तर मी उठलो अन् सगळं सांगितलं.

बाई म्हणाल्या, "बाबा, असा कागद लिहून घेतला म्हणून शाळा सुटत नाही. लेकरू त्यांच्या ताब्यात होतं, सांभाळायचं काम त्यांचं. लागल्यावर दवाखान्यात न्यायचंही त्यांचंच. लेकराचा हक्क आजीच्या सहीनं जात नसतो."

"म्हंजे सहीनं काही बिघडलं नव्हतं?"

"सहीनं काहीच बिघडलं नव्हतं."

"अजून एक डाव सांगा."

त्यांनी सांगितलं. मी खाली बसलो. हे ऐकायला म्हातारी पाहिजे होती. मी ऐकून काय उपयोग?

बाईंनी शाळेवर भरपाईचा अर्ज तयार केला. मी म्हणालो, त्यात लिहा, आजीनं सही केली यात तिची चूक नाही.

"बाबा, कायद्याला त्याची गरज नाही."

"मले हाये. नाहीतं मी सही करत नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं अन् लिहिलं. नातीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मग मी सही केली.

आता कोर्टात तारखांवर तारखा पडतात. कधी त्यांचा वकील नाही, कधी साहेब रजेवर. एसटीत बसून गुडघे आखडतात. पोरीच्या हाताचा निकाल लागेल तेव्हा लागेल, तोवर मी जातो.

अंगठेबहाद्दर कोण म्हणालं, ते मात्र अर्जात नाही. ते मी बाईंना सांगितलंच नाही.