निरुपमाची कावीळ

१९९७ साली निरुपमा चार महिने अंथरुणात होती. बडोद्याच्या एका शाळेत गणित शिकवणारी ही बाई. तिला स्वतःची वेणीसुद्धा घालवत नव्हती. नवरा आनंद बाजव्याजवळच्या रिफायनरीत नोकरीला. त्याने शाळेत आणि सोसायटीत कावीळ झाल्याचं सांगितलं. शेजारच्या गुजराती बायका उसाचा रस आणायच्या, 'सारूं थई जशे' म्हणून धीर द्यायच्या आणि दुसरं काही विचारायच्या नाहीत. खरं काय ते डॉक्टरांखेरीज फक्त आनंदला आणि मृदुलाला ठाऊक होतं. मृदुला शाळेतलीच मैत्रीण. दर गुरुवारी येऊन ती निरुपमाचे केस विंचरून द्यायची. हे माझ्यापाशीच राहील, असं तिने आपणहून सांगितलं होतं.

गेल्या मार्चमध्ये महिला मंडळाने मनाच्या आरोग्यावर कार्यक्रम ठेवला. अध्यक्ष मृदुलाच. बोलता बोलता ती म्हणाली, "डिप्रेशन काय असतं ते मी जवळून पाहिलंय. निरुपमा, उभी राहा बघू."

कशासाठी ते कळायच्या आत निरुपमा उभी राहिली. मृदुलाने सगळं सांगितलं, चार-चार दिवस न विंचरलेल्या केसांसकट. टाळ्या झाल्या. एका अनोळखी बाईने तिचा हात हातात घेऊन विचारलं, आता गोळ्या चालू आहेत का?

दोन दिवसांनी निरुपमा मृदुलाकडे गेली. मृदुलाला काय चुकलं ते खरंच कळेना.

"अगं, आता कोणी लपवत नाही. उलट मी तुझं कौतुकच केलं."

"लपवायचं की सांगायचं, ते मी ठरवणार होते."

मृदुला चहा ठेवायला उठली. निरुपमा थांबली नाही.

तोवर भाषणाचा व्हिडिओ बंगळूरला तिच्या मुलीपर्यंत, ऋचापर्यंत पोचला होता. ऑफिसला जाववत नाही, उगीच रडू येतं, असं ऋचाने दोन वर्षांपूर्वी आईला सांगितलं होतं. तेव्हा लवकर उठून फिरायला जात जा, एवढंच निरुपमा म्हणाली होती.

"तुला माहीत होतं, आई," ऋचा फोनवर म्हणाली. "सगळं माहीत असून तू मला फिरायला जा म्हणालीस."

भीती वाटली, निरुपमाने सांगितलं. नाव घेतलं तर तुझंही तेच होईल असं वाटलं. ऋचाने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात निरुपमा एकटीच बंगळूरला निघाली. गाडीत मृदुलाचा दोनदा फोन आला. तिने घेतला नाही. ऋचा स्टेशनवर आली होती. तिने आईची बॅग घेतली. रिक्षा घरापाशी थांबल्यावर निरुपमाने त्या चार महिन्यांबद्दल सांगायला सुरुवात केली.