तापीकाठी नेलेली नळी

चहा थंड झाला तरी चालेल, पण माझा हा मूर्खपणा ऐकाच. महिना झाला, तरी गावात माणसं मला बघून तोंड फिरवून हसतात.

माझी मोठी बहीण सुनंदाताई सिकलसेलने गेली. बाप नाही, म्हणून क्रिया मीच केली. दहाव्याला तापीकाठी, प्रकाशा गावच्या घाटावर पिंड ठेवला, आणि कावळा काही शिवेना. मी पिंडाशेजारी हात जोडून उभा. "ताई, आईला सांभाळीन." नाही. "तंबाखू सोडतो." तरी नाही. झाडावर सात-आठ कावळे, एकही हलेना. आई कावळ्यांनाच हात जोडायला लागली.

नानाकाका पुटपुटले, "अटकेल शे तिन्हं काहीतरी."

आता माझं डोकं सातवीपर्यंतचं. त्यात एकदम उजेड पडला. ताईचं रक्त!

शहाद्याच्या दवाखान्यात बाहेरगावची मंडळी आली होती. एक डॉक्टर मॅडम, एक यंत्रवाला, एक कॉम्प्युटरवाला. रक्तातलं प्रथिन बिघडतं कसं, ते दाखवणारं नवं यंत्र तिघं मिळून बनवत होते. ताईने आपणहून रक्त दिलं, मलाही द्यायला लावलं. म्हणजे सगळी ताई तापीत गेली आणि थोडी बर्फात राहिली. कावळा शिवेल कसा, तुम्हीच सांगा?

"कोठे जाई ऱ्हायना?" काका ओरडले, तोवर मी फटफटीवर.

दवाखान्यात मी घाटावरचं सगळं सांगून ताईच्या रक्ताची नळी मागितली. मॅडम म्हणाल्या, "अशी नळी देता येत नाही हो. बसा, पाणी आणते."

त्या वळल्या. नळ्यांवर नावं नव्हती, नुसते नंबर. आम्हा दोघांची नंबरची कार्डं माझ्या पाकिटात होती. वरचं काढलं. एकेचाळीस. थंड पेटी उघडली, एकेचाळीस नंबर खिशात टाकला आणि पळालो.

छातीला गार लागत होतं. मागे बसली की ताई म्हणायची, "हळू चालव रे." त्या दिवशी मी पहिल्यांदा हळू चालवली.

घाटावर काका पायरीवर निवांत बसलेले.

"कावळा शिवी गया कव्हयना. तू गया नी तो उना. तू पिंडना उरावर हुभा, ते तो कसा येई?"

म्हणजे माझी पाठ वळली आणि कावळा आला! पण हातातली नळी ताईचीच होती ना? मी गुडघाभर पाण्यात शिरलो, बुचावर अंगठा ठेवला. तेवढ्यात वर जीप थांबली. मॅडम पायऱ्या उतरत पळत आल्या.

"दादा, टाकू नका. ताई मला म्हणाल्या होत्या, माझं जे व्हायचं ते होऊ दे, पण गावातल्या पोरींचं वेळेवर कळू दे."

माझा अंगठा तिथेच. आई वरून नुसती बघत होती.

"आधी नंबर सांगा," मॅडम म्हणाल्या.

"एकेचाळीस."

त्या मटकन पायरीवर बसल्या. "ती तुमची नळी आहे. ताईंची चाळीस नंबरची. ती सकाळपासून यंत्रात आहे."

ऐकलंत? मी तापीत स्वतःलाच सोडायला निघालो होतो.

दहा दिवसांत आई पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता रडली. मॅडमनी माझ्या हातातून नळी हळूच काढून घेतली. "काम संपल्यावर ताईंची नळी हवी असेल, तर मी रीतसर विचारून देईन. हवी आहे?"

माझ्या आधी काकाच बोलले.

"तुमनाजोडेच ऱ्हाऊ द्या, मॅडम. याले सोतानं रगत वळखता येत नही, बहीणनं काय सांभाळी?"