पाचशे एक्क्याण्णव

औरंगाबाद स्टेशनावर मला पोचवायला दहा माणसं आली होती. आठ आमच्या घरची, आणि जरा लांब, पाण्याच्या टाकीपाशी, माझ्या वर्गातली खुर्शीद आणि तिचे अब्बा. आई पदरानं डोळे पुसत होती. वडील, म्हणजे आमचे दादा, फलाटावरच्या अनोळखी माणसांना थांबवून सांगत होते, "आमची पोरगी हाये. सबंध देशातून निवडली तिला. दिल्लीला चाललीय." खुर्शीदकडे बघायचं मी टाळत होते. गाडी सुटायच्या जरा आधी तिचे अब्बा पुढं आले आणि त्यांनी खिडकीतून एक लाकडी कलमदान माझ्या मांडीवर ठेवलं. "तेरी लिखाई अच्छी है बेटी," ते म्हणाले, "अब इसको तूच संभाल." ते मी आजवर सांभाळलं आहे. त्यातल्या कलमानं एक अक्षर मात्र मला लिहवलेलं नाही.

साठ वर्षं होत आली. आपल्या गावच्यांनो, तुमच्यातले जे तिथंच राहिले आणि जे माझ्यासारखे बॅगा भरून निघून आले, त्या सगळ्यांना हे सांगायचं राहून गेलंय. इथं क्लीव्हलंडच्या मराठी मंडळात माझी ओळख करून देताना 'त्या काळातल्या नॅशनल स्कॉलर' असं म्हणतात आणि लोक टाळ्या वाजवतात. मी हात जोडते. टाळ्या थांबेपर्यंत कुठं बघावं, ते मला कधी कळलं नाही.

आम्ही दोघी पोलिस ॲक्शनच्या वर्षी, अठ्ठेचाळीस साली, जन्मलो, ॲक्शनच्या काही महिने आधी. मी गुलमंडीतली, ती छावणीतली. तिचे अब्बा निजामाच्या अदालतीत पेशकार होते. शहरातले अर्धे दावे त्यांच्या अक्षरात लिहिलेले. राज्य बदललं, कागदांची भाषा बदलली, आणि उर्दूशिवाय काही न येणारा हा माणूस चाळिशीतच घरी बसला. पण मुलीला त्यांनी हट्टानं मराठी शाळेत घातलं. पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत खुर्शीदचा पहिला नंबर आणि माझा दुसरा, हे इतकं ठरलेलं होतं की निकालाच्या दिवशी आई मला "पहिली कोण?" असं विचारायचीच नाही. खुर्शीदला पूल बांधायचे होते. खाम नदीच्या पुलावर उभी राहून ती कमानी मोजायची आणि मला म्हणायची, "मधली कमान काढली तर काय व्हईल, सांग." मला काय कप्पाळ सांगता येणार!

शाळेच्या शेवटच्या वर्षातली हुशार मुलं देशभरातून निवडून त्यांना मोठ्या कॉलेजात पाठवायचं, अशी सरकारी परीक्षा तेव्हा निघाली होती. प्रत्येक शाळेतून एकच नाव जायचं. वयाची अट कडक होती. पहिल्या नंबरची मुलगी अटीत बसली नाही, तर दुसरीचं नाव. मुख्याध्यापिकाबाईंनी दोघींचे अर्ज भरून मागवले आणि दोन्ही माझ्याच हातानं भरायला लावले. शाळेतून बाहेर जाणारा इंग्रजी कागद माझ्या अक्षरात जायचा, अशी आमच्याकडची रीतच होती.

छावणीतल्या त्यांच्या ओट्यावर बसून मी खुर्शीदचा अर्ज भरला. ती आत चहा करत होती. अब्बांनी जुन्या वहीतली जन्माची नोंद वाचून दाखवली. महिना खुर्दाद, आणि सन फसली, निजामाच्या दफ्तरात चालायचा तो. इंग्रजी सन काढायला त्यात पाचशे नव्वद मिळवतात एवढं मला ठाऊक होतं. मिळवले, लिहिलं. खाली पालकांसाठी ओळ होती, की वरची माहिती मी स्वतः वाचली आहे आणि ती खरी आहे. अब्बांनी कागद न बघताच सुरेख उर्दूत सही केली. "तू लिखी सो ठीकच होगा," ते म्हणाले. "हमारा लिखा तो अब कोई पढ़ता नै."

संध्याकाळी घरी मी माझा अर्ज काढला. दादा तहसीलीत कारकून होते, जुनी दफ्तरं त्यांच्या हाताखालची. मी नव्वद मिळवतेय बघून त्यांनी मला थांबवलं. "नव्वद नाय, एक्क्याण्णव. नव्वद फक्त सालाच्या सुरवातीच्या महिन्यांना. तुझा महिना पुढचा." खुर्दादही पुढचाच महिना होता. म्हणजे माझ्या हातानं खुर्शीद एका वर्षानं मोठी झाली होती, अटीच्या बाहेर गेली होती.

चूक कळायला मला एक क्षण लागला आणि ती सांगायला दोन दिवस हातात होते. दुसऱ्या दिवशी खुर्शीदनं स्वतः तिचा अर्ज ऑफिसात नेऊन दिला. ऑफिसातले नवे कारकून पुण्याकडचे, शाळेच्या रजिस्टरातला फसली सन म्हणजे काय तेच त्यांना माहीत नव्हतं. अर्ज बाईंच्या टेबलावर पडून होता. मी त्या खोलीवरून चारदा गेले. आता सांगते, मधल्या सुट्टीत सांगते, उद्या सांगते. सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी मला बोलावलं. "खुर्शीद वयात बसत नाही गं. तुझं नाव पाठवतेय." मी 'बरं' म्हणाले. लाज वाटली आणि आनंदही झाला. तो आनंद मला अजून आठवतो, हेच सगळ्यात वाईट आहे.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. दिल्ली, मग अमेरिका, लग्न, घर, बागेपेक्षा मोठा ड्राइव्हवे. पूलबिल मी काही बांधले नाहीत, विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरवर तीस वर्षं काढली. कुठल्याही फॉर्मवर जन्मतारीख लिहायची वेळ आली की माझा हात थांबतो. डॉक्टरकडची रिसेप्शनिस्ट मुलगी हसते, तिला वाटतं म्हातारी विसरली. मागच्या वर्षी नातीची नॅशनल स्कॉलरशिपसाठी निवड झाली. हायस्कूलचं शेवटचं वर्ष, हजारोंतून नाव आलं. ती आयपॅड घेऊन आली. "आजी, तू पण नॅशनल स्कॉलर होतीस ना? फॉर्म एकदा चेक कर." खाली ओळ होती, की यातली सर्व माहिती खरी आहे. मी चष्मा शोधायच्या निमित्तानं बेसमेंटमध्ये गेले आणि बराच वेळ वर आले नाही.

त्या हिवाळ्यात मी औरंगाबादला गेले. आता त्याचं नाव छत्रपती संभाजीनगर, तोंडात मात्र जुनंच येतं. खुर्शीद त्याच घरात राहते. अब्बा जाऊन खूप वर्षं झाली. तिनं छावणीतल्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं. ओट्यावर बसलो. मी विमानात पाठ केलेलं पहिलं वाक्य कसंबसं काढलं, "खुर्शीद, तुझा तो अर्ज..."

"एक्क्याण्णव पायजे होते," ती म्हणाली. "पाचशे एक्क्याण्णव. मी ऑफिसात देतानाच वाचलं."

मग ती का बोलली नाही, एवढंच मी कसंतरी विचारलं.

"कशी बोलू? अब्बांनी न वाचता सही केली व्हती. जिंदगी गेली त्यांची अदालतीच्या कागदात. आता वाचता येत नाय, असं त्यांनी बाईंसमोर उभं राहून कबूल करायचं? नको वाटलं मला." तिनं कपात चहा ओतला. "तुला कुणापुढं काय कबूल करायचं नव्हतं. हिशोब चुकला, एवढंच म्हणायचं होतं. तुझे दादा तहसीलीतले, घरी कळणारच होतं तुला. तू येशील म्हणून मी दोन दिवस इथंच बसले, या ओट्यावर. शाळा सुटली की येऊन बसायची."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी माफी तरी मागितली असती. चहा प्याले आणि उठले.

तुमचं घर कुठं, असं इथं कुणी विचारलं की मी क्लीव्हलंड सांगते. फार खोदून विचारलं तर गुलमंडी सांगते. दोन्ही खोटं नाही. पण घर म्हटलं की मला छावणीतला तो ओटा दिसतो. शाळा सुटलेली आहे, आणि दोन वेण्यांतली एक मुलगी रस्त्याकडं बघत माझी वाट पाहतेय. निघाले होते मी सतराव्या वर्षी. तिथं अजून पोचलेले नाही.